पांगाऱ्याचं विमान

शिरोली एमआयडीसीत धम्मपाल कांबळे या नावानं चौकशी केलीत तर गेटवरचा वॉचमनसुद्धा डोकं खाजवेल. नुसतं 'मिस्त्री' म्हणा, लगेच बोट करून दाखवेल. फाउंड्रीत लोखंड ओततात ते सगळ्यांना दिसतं. ज्वाळा असतात, ठिणग्या असतात, बघायला आलेले पाहुणे फोटोही तिथलेच काढतात. पण लोखंड ओतण्याआधी वाळूत साचा उठवावा लागतो, आणि तो उठवायला आधी तोच भाग कुणीतरी लाकडात करावा लागतो, हे पाहुण्यांच्या डोक्यातही येत नाही. त्या लाकडी भागाला पॅटर्न म्हणतात. ते पॅटर्न करणारे आमचे मिस्त्री. छत्तीस वर्षं त्यांनी सागवानातून पंपाची घरं केली, गिअरची खोकी केली. काम वाळूत जायचं, वाळूतून बाहेर यायचं आणि रॅकवर धूळ खात पडायचं. त्या आकाराचं लोखंड पुढं कुठल्या विहिरीवर पाणी ओढतंय, हे त्यांना कधी कळलं नाही. त्याची फार खंत होती असंही नाही, उगाच खोटं कशाला बोला.

खंत निराळीच होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात कापायला लागला. नुसता मांडीवर असला की शांत, पण पटाशी उचलली, पेन धरलं, चहाचा कप तोंडाशी नेला, की सुरू. केसभर लाकूड काढायचं म्हणून टेकवलेली पटाशी दोन केस जास्त घेऊन यायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की हे जिवावरचं दुखणं नाही, पण जाणारंही नाही. हळूहळू वाढेल. मिस्त्रींनी हे फक्त बायकोला, रूपालीला सांगितलं. कारखान्यात सांगितलं, "डोळ्याला बारीक दिसंना झालंय," आणि स्वतःहून स्टोअरला बदली मागून घेतली. तेव्हापासून कारखान्यातली भली माणसं त्यांना पाट्या मोठ्यानं वाचून दाखवतात. डोळे मात्र घारीसारखे आहेत. चार टेबलांपलीकडचा आकडा दिसत असताना दुसऱ्याकडून तो वाचून घ्यायचा, यासारखी शिक्षा नाही. उजवा हात आता सदैव पँटच्या खिशात.

दिवाळीच्या सुट्टीत ते हातकणंगल्याच्या पुढं बहिणीकडे गेले होते. सकाळी जरा पाय मोकळे करावेत म्हणून माळावर गेले, तर कुणीतरी खच्चून ओरडलं, "ओ पावणं! मागं सरा! मागं, मागं!"

मिस्त्री मागं सरले. त्यांच्या डोक्यावरून, फार तर दोन पुरुष उंचीवरून, एक पांढरं विमान सूं करत गेलं. खरंखुरं विमान. पंख, शेपूट, पुढं फिरणारं पातं, सगळं होतं, फक्त ते दोन हातांत मावेल एवढं होतं. पुढं जाऊन ते एका अंगावर कललं, वळलं, सूर्यासमोर आलं आणि क्षणभर दिसेनासं होऊन पुन्हा दिसायला लागलं. मिस्त्री तोंड उघडं टाकून बघत राहिले. मोठं विमान त्यांनी हजारदा पाहिलं होतं, उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं तर कारखान्याच्या छपरावरूनही दिसतं. त्याचं कधी काही वाटलं नाही. मोठं विमान सरकारचं, कंपन्यांचं. हे मात्र कुणीतरी घरात बसून चिकटवलेलं होतं, चिकटपट्टीच्या कडा दिसत होत्या, आणि तरी ते वर होतं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाच्या अंगावर काटा आला.

उडवणारी होती निशिगंधा, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. धंदा ड्रोननं उसावर औषध फवारायचा, आणि नाद हा, इंजिनियरिंगला असल्यापासूनचा. तिनं विमान गवतावर उतरवलं. मिस्त्री जवळ गेले.

"हात लावू का?"

"लावा की. चावत न्हाय."

त्यांनी डाव्या हातानं उचललं आणि दचकले. सोललेल्या नारळाएवढंसुद्धा वजन नव्हतं. "एवढ्यावर उडतंय?"

"एवढ्यावरच उडतंय, काका. जास्त असतं तर बसलं असतं."

"मला जमंल का करायला?"

"जमंल की. पण आधी ह्ये फोमचं घ्या. पाडा, चिकटवा, परत पाडा. मी तसंच शिकलो." आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना बिनदिक्कत 'शिकलो, गेलो' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते फार गमतीचं वाटतं, वाटू दे.

"फोम नगं," मिस्त्री म्हणाले. "लाकडाचंच करतो."

"त्याला बालसाचं हलकं लाकूड लागतं. परदेशातनं येतंय ते."

"पांगारा हाय की."

निशिगंधाला हसू आलं. कुंपणाला लावतात तो पांगारा. पण मिस्त्रींच्या तोंडावर हसण्याचा मागमूस नव्हता. पांगाऱ्याचं लाकूड किती हलकं असतं हे त्यांच्याइतकं तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिनं नंबर दिला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला निशिगंधाचा फोन वाजू लागला. प्रश्न वहीत लिहिलेले असत, आणि लिहीत असे रूपाली, कारण नवऱ्याचं अक्षर आता त्यालाच वाचता येत नव्हतं. सुरुवातीला तिनं कपाळाला आठ्या घालून लिहिलं. आठवड्याभरात मधेमधे स्वतःचे प्रश्नही घुसडायला लागली.

"मोटर केवढी लावायची?"

"विमानाचं वजन सांगा, मग मोटर सांगतो."

"वजन किती ठेवायचं?"

"ते तुम्ही लाकूड किती घालतासा त्याच्यावर. नऊशे ग्रॅमच्या वर जाऊ नका म्हंजे झालं."

"पंख खाली लावायचं का वर?"

"वर. नव्या माणसानं पंख वरच लावायचं. पोट खाली लोंबतंय, त्यामुळं चुकलं तरी सोताच सरळ व्हाय बघतंय."

सोताच सरळ व्हाय बघतंय! मिस्त्रींनी फोन ठेवून हे वाक्य रूपालीला तीनदा ऐकवलं. हवेत सोडलेली वस्तू चुकल्यावर आपली आपण सावरते, हे त्यांना कुठल्याही चमत्काराहून मोठं वाटत होतं. आणि ते पटण्यासारखंही होतं, कारण त्यामागं आकार होता, आणि आकार म्हणजे त्यांचा प्रांत.

"बॅटरी घरात ठेवली तर चालतीया का? ह्ये मालकीण इचारालीया."

"चालती. पण चार्जिंगला लावून भाईर जायचं न्हाय. समोर बसायचं. फुगली की टाकून द्यायची. ठेवायची तर वाळूच्या डब्यात ठेवा."

"वाळू? वाळूला काय तोटा हाय आमच्यात."

"आन शिरोलीत उडवायचा इचारबी करू नका. विमानतळ जवळ हाय, सरकारी नकाशावर सगळं लाल दाखवतंय. उडवायचं ते हितंच माळावर, परवानगीचं मी बघतो."

एकदा मिस्त्रींनी वहीत नसलेला प्रश्न विचारला, तोही रूपाली स्वयंपाकघरात गेल्यावर. "त्या रिमोटला दोन काड्या असत्यात. वळवायची काडी उजव्या हाताला असती म्हणं. ती डाव्या हाताला घेता येती का?"

"घेता येती. पण मी उजव्यानं उडवतो, काका. तुमचं बिघडलं तर मला हातात घेऊन सावरता याला नगं?"

"व्हय, तेबी खरं," मिस्त्री म्हणाले आणि घाईनं पात्यांच्या मापावर गेले. खरा प्रश्न त्यांच्या ओठांवर रोज यायचा आणि रोज परत गिळला जायचा. हात कापणाऱ्या माणसाला विमान उडवता येतं का, एवढाच तो प्रश्न होता. त्याचं उत्तर 'नाही' आलं असतं तर उरलेल्या सगळ्या उत्तरांचं काय करायचं होतं?

रूपालीला मात्र त्यांनी सरळ सांगितलं होतं. "ह्ये माझ्या हातानं वर गेलं आन माझ्या हातानं खाली आलं, तर हात अजून माझा. न्हाईतर मग डाक्टरचा." रूपालीनं वही मिटली. नवऱ्याला काय म्हणायचंय ते तिला बरोबर कळलं होतं, आणि म्हणूनच ती घाबरली होती.

गगनबावड्याकडचा आकाराम, कारखान्यात वाळूचे साचे उठवणारा मोल्डर, गावाहून वाळलेल्या पांगाऱ्याचे दोन ओंडके घेऊन आला. परसात कामाला सुरुवात झाली. पूर्वी मिस्त्री लाकूड धरून हत्यार चालवत. आता त्यांनी हत्यार शिकंज्यात आवळलं आणि लाकूडच दोन्ही तळहातांनी त्याच्यावर सरकवू लागले. एका दिवसाच्या कामाला आठवडा लागे. पंखातल्या फासळ्या एकामागून एक तयार झाल्या, चोवीस. शेपूट झालं. विमानाचा तोल बोटांच्या टोकांवर धरून बघतात, पण मिस्त्रींच्या बोटांवर कुठलीच वस्तू स्थिर राहत नव्हती. त्यांनी दोन खुंट्यांची लाकडी घोडी केली, तिच्यावर विमान ठेवलं आणि पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव हिश्श्यावर तोल अचूक आणला. निशिगंधानं नंतर त्या घोडीचा फोटो काढून आपल्या मित्रांना पाठवला. अशी घोडी करायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

फेब्रुवारीत ती मोटर आणि तारा जोडायला शिरोलीला घरी आली. टेबलावरचं विमान बघून तिनं आधी कौतुकानं मान हलवली. सांधा कुठं आहे तो दिसत नव्हता. मग तिनं ते उचललं, आणि तिचा चेहरा बदलला. वजनकाट्यावर ठेवलं. एक किलो सहाशे साठ.

"काका, ह्ये विमान हाय का बसायचा पाट?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. तिनं एक फासळी नखानं मोजली. "ही एवढी जाड कशाला ठेवलीसा?"

"ते मशीनिंगला ठेवलंय."

"मशीनिंग? करणार कोण?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली रूपाली आधी खुदकन हसली, मग पोट धरून हसायला लागली.

झालं होतं ते असं. पॅटर्न करणारा माणूस कधीच नेमक्या मापाचं करत नाही. लोखंड निवताना आकसतं, म्हणून त्याच्या पट्टीवरचा इंचसुद्धा बाजारातल्या इंचापेक्षा केसभर मोठा असतो. वर, पुढं लेथवाला घासणार आहे म्हणून सगळीकडे आणखी थोडं जास्त ठेवायचं. कमी पडलं तर मिस्त्रीची अब्रू जाते, जास्त झालं तर कुणी काही बोलत नाही, कारण जास्त झालेलं काढायला मागं माणूस असतो. छत्तीस वर्षं मिस्त्रींच्या मागं कुणीतरी होताच. त्याच सवयीनं त्यांनी प्रत्येक फासळीला, प्रत्येक पट्टीला थोडं थोडं जास्त दिलं होतं, आणि ते थोडं थोडं मिळून साडेसातशे ग्रॅम झालं होतं.

"तुमच्या मागं कुणी न्हाय आता," निशिगंधा म्हणाली. "ह्यातलं शेवटचं तुम्हीच."

ती सहज म्हणाली. पण ते वाक्य मिस्त्रींच्या डोक्यात घुमत राहिलं. आपल्या हातचं काम आपल्याच हातात पुरं व्हायचं, पुढं कुणी नाही, असं त्यांच्या आयुष्यात प्रथमच होत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं विमान सुटं केलं आणि लाकूड काढायला लागले. प्रत्येक फासळीला भोकं पाडली. पट्ट्या तासल्या. कापऱ्या हातानं तासताना अकरा फासळ्या मोडल्या, त्या पुन्हा केल्या. मार्चच्या मध्याला त्यांनी नुसता सांगाडा उन्हात धरला. भोकाभोकातून उजेड येत होता. त्यात लाकडापेक्षा हवाच जास्त होती, आणि पिळून बघावं तर तो जागचा हलत नव्हता. एवढं काढून टाकलं तरी वस्तू उभी राहते! आयुष्यभर आपण जरा जास्तच ठेवत आलो की काय, असं त्यांच्या मनात आलं. सांगाड्यावर लाल प्लॅस्टिकचा पातळ कागद रूपालीनं इस्त्रीनं बसवला, कारण ते काम तिनं त्यांना करूच दिलं नाही. मोटर-बॅटरी धरून काटा एक किलो पन्नासवर थांबला. निशिगंधा म्हणाली, चालेल.

मग तिनं रिमोट त्यांच्या हातात दिला. आता उजवा हात खिशातून बाहेर काढणं भाग होतं. पंखांच्या मागच्या कडेला दोन पातळ फळ्या असतात, एक वर झाली की दुसरी खाली होते आणि वर झालेल्या बाजूला विमान कलतं. मिस्त्री त्यांना कान म्हणत. त्यांनी काडीवर अंगठा ठेवला मात्र, दोन्ही कान थडथड हलायला लागले. टेबलावरचं विमान त्यांच्या हातासारखंच कापायला लागलं. जे दोन वर्षं झाकून ठेवलं ते असं उघड्यावर, लाल पंखावर दिसत होतं. मिस्त्रींना वाटलं, रिमोट खाली ठेवावा आणि परसात निघून जावं.

निशिगंधानं रिमोट घेतला, बटणं दाबली, पडद्यावर एक वाकडी रेघ आली ती आणखी वाकडी केली आणि रिमोट परत दिला. "आता धरा."

मिस्त्रींनी धरला. अंगठा तसाच कापत होता. कान मात्र जेमतेम थरथरत होते, बारीक बघितलं तरच कळावं इतके. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, कानांकडे बघितलं, पुन्हा अंगठ्याकडे बघितलं. मग मुद्दाम काडी लांबवर नेली, तर कान झक्कपैकी पुरते वळले.

"काय केलंस?"

"काडीची मधली घाई काढून टाकली. थोडं हललं तर ते मनावर घेत न्हाय, जास्त हललं तर ऐकतंय. त्याला एक्स्पो म्हंत्यात. नव्या माणसाला लावतोच आम्ही. जे काय थोडं ऱ्हातंय ते वर गेल्यावर हवा खाती."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. रूपालीकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. माणसाच्या हाताला चुकू देणारं, आणि चुकतानाही त्याला काय म्हणायचंय ते ओळखणारं यंत्र कुणीतरी, कुठंतरी बसून केलं होतं. पटाशीला असं काही असतं तर!

मार्चच्या शेवटच्या रविवारी, सूर्य अजून वर यायचा होता तेव्हा, तिघं माळावर पोचली. वारा नव्हता. आसपासचे ऊस तुटून गेलेले, चौफेर मोकळं. निशिगंधानं प्रत्येक जोड ओढून बघितला, काडी उजवीकडे नेली की उजवा कान वर होतो ना, हे दोनदा तपासलं.

"पयलं उडाण मी करतो, काका. काय वाकडं असलं तर कळंल. सरळ झालं की तुम्ही घ्या. सगळे असंच करत्यात."

"न्हाय," मिस्त्री म्हणाले.

"पाच म्हयन्याचं काम हाय. लाकडाचं हाय. पडलं तर चिकटत न्हाय ते फोमसारखं."

"ठाऊक हाय. मीच उडवणार."

निशिगंधानं रूपालीकडे बघितलं. रूपालीनं मान हलवली. "त्यास्नीच उडवू दे, बाळ."

रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवला. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवली. निशिगंधानं विमान डोक्यावर धरलं. "पयल्यांदा उंची घ्यायची. दोन चुका झाल्या तरी सावराय जागा पायजे. सोडू?"

"सोड."

तिनं फेकलं. लाल विमान आधी खाली बसलं, गवताला पोट लागेलसं झालं. रूपालीच्या तोंडून "अगं आई" निघालं. मिस्त्रींनी काडी मागं ओढली, आणि विमान उठलं. उठलं ते उठतच राहिलं. बाभळीच्या शेंड्याएवढं झालं, शेंडा खाली राहिला. ते डावीकडे ओढत होतं. निशिगंधा बाजूला येऊन म्हणाली, "खालचं बटण, उजवीकडं, एक... दोन... बास." विमान सरळ झालं.

मिस्त्रींना आता हाताचं काही आठवत नव्हतं. वर, निळ्या उजेडात, पांगाऱ्याचं लाकूड चाललं होतं. ज्याच्यावर शेळ्या अंग घासतात, ज्याला सुतार हात लावत नाही, ते लाकूड. त्याची प्रत्येक फासळी त्यांना पाठ होती, चौदावी तीनदा मोडलेली. आजवर त्यांनी केलेली प्रत्येक वस्तू वाळूत गेली होती. ही वस्तू त्यांना सोडून वर गेली होती आणि तिथूनही त्यांचंच ऐकत होती. अंगठा इथं हलत होता आणि तिथं, दीडशे हातांवर, पंख कलत होता. मधे काही नव्हतं. तार नाही, दोरी नाही, काही नाही. "आई गं," ते पुटपुटले, "कसलं हाय हे."

उगवतीकडच्या सूर्यानं पंखातून उजेड पाठवला तेव्हा आतल्या फासळ्या एकेक दिसल्या. रूपालीनं तोंडावरचा हात काढला नव्हता, पण आता तो भीतीनं ठेवलेला नव्हता.

माळाच्या टोकाला विमान वळलं आणि थेट त्यांच्याकडे यायला लागलं. नव्या माणसाचं विमान इथंच पडतं. ते आपल्याकडे तोंड करून आलं की त्याचा उजवा आपला डावा होतो, माणूस नेमकी उलटी काडी मारतो आणि विमान नाक मोडून घेतं. निशिगंधा ओरडायला पुढं झाली, "उलटं, काका, उ—" आणि थांबली. मिस्त्रींनी न चाचपडता बरोबर बाजूला काडी दिली होती. विमान डौलात त्यांच्या डोक्यावरून गेलं.

"तुम्हाला ह्ये कुणी शिकवलं?"

"त्यात शिकायचं काय?" मिस्त्री वर बघतच म्हणाले. साच्यात सगळं उलटंच असतं. डावा उजवीकडे, खड्डा तिथं उंचवटा. छत्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक वस्तू करताना तिचा वाळूतला उलटा ठसा डोळ्यांपुढं ठेवला होता. आरशातलं जग त्यांना सरळ जगाइतकंच ओळखीचं होतं. त्यात कुणाला अडचण असेल, हेच त्यांना आज कळत होतं.

रिमोटमधून टूं टूं आवाज आला. बॅटरी संपत आली होती. "आता उतरवायचं," निशिगंधा हळूच म्हणाली. "मोटर कमी. लांबनं आणा. घाई न्हाय."

पहिल्यांदा ते उंच राहिलं आणि पुढं निघून गेलं. मिस्त्रींनी पुन्हा फेरी घेतली. दुसऱ्यांदा विमान खाली आलं, आणखी खाली आलं, त्याची सावली त्याच्या जवळ आली, दोन्ही एक झाली. गवतावर एकदा उडी, दुसरी उडी, जरा तिरकं होऊन थांबलं. सगळं शाबूत. पातं सावकाश फिरून उभं राहिलं.

निशिगंधानं रिमोट घेण्यासाठी हात पुढं केला, आणि मिस्त्रींचं लक्ष त्या हाताकडे गेलं. हात कापत होता. बोटांच्या शेंड्यापर्यंत चांगला कापत होता.

मिस्त्री एकदम घाबरले. "पोरी, ह्ये कवापास्नं?"

"काय?"

"हात. डाक्टरला दावलास का?"

निशिगंधानं हाताकडे बघितलं आणि हसली. "ह्ये व्हय? नव्या विमानाचं पयलं उडाण असलं की कापतोयच. मी नुसता बगत असलो तरी कापतोय. सगळ्यांचा कापतोय, काका. गुडघंबी कापत्यात काहींचं."

मिस्त्रींनी उजवा हात दोघींसमोर पुढं केला. उताणा, बोटं ताठ करून. तो थडथडत होता. "माझा तसला न्हाय," ते म्हणाले. "माझा दोन वर्सं झाली. डोळ्याचं काय न्हाय मला. सगळ्यास्नी खोटं सांगालोय. ह्यो हात हाय."

"ठाऊक हाय मला. पयल्या दिवशी विमान डाव्या हातानं उचललासा, तवाच डोक्यात आलतं. डाव्या काडीचं इचारलासा तवा पक्कं झालं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही चारशे प्रश्न इचारलासा. त्यो एकच इचारला न्हाईसा."

रूपालीनं मिस्त्रींच्या कोपराला धरलं होतं. "मग आता इचारतो," ते म्हणाले. "हात कापणाऱ्याला उडवता येतं का?"

"आत्ता कोण उडवत हुतं?" निशिगंधा म्हणाली आणि दुसरी बॅटरी आणायला गाडीकडे गेली.